पासवर्ड तेवढा कळव

गोडोली, सातारा
८ डिसेंबर १९९६

सिद्धू,

आशीर्वाद आधी घे, राग मागनं धर.

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळी धडधाकट आहेत. तुझ्या दाजींचा गुडघा थंडीनं धरतो, तो धरायचाच. मी एका कामासाठी लिहिते आहे आणि काम एवढंच, की तुझ्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कळव.

आता बातमी. क्रांतीचं जमलं. आटपाडीकडचे पाव्हणे आहेत. मुलगा तिथंच ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, नाव शंभूराज. उंच आहे, कमी बोलतो, पोह्यांतलं खोबरंसुद्धा बाजूला काढत बसला नाही. मला तेवढ्यावर पसंत पडला. लग्न माघात, सोळा फेब्रुवारीला, इथंच साताऱ्यात.

बघायला आले तेव्हा मुलाच्या आत्यानं विचारलं, मुलीला कॉम्प्युटर येतो का. मी तोंड उघडायच्या आत तुझे दाजी म्हणाले, "येतो की. घरातच हाय. तिच्या मामाचा." जन्मात खोटं न बोललेला माणूस, सिद्धू. क्रांतीचा चेहरा तू बघायला हवा होतास. तू पुढच्या खोलीत क्लास घ्यायचास तेव्हा ही दारातनं चहाची किटली आत सरकवून पळायची, यंत्राकडं बघायचीसुद्धा नाही. पाव्हणे गेले आणि बापलेक एकमेकांकडं बघत बसले. बाप बोलून चुकलाय, आता लेकीला ते निभावायचं आहे. माघ उजाडायच्या आत तिला निदान ते यंत्र चालवता आलं पाहिजे, नाहीतर आटपाडीत पहिल्याच आठवड्यात सुभेदार मानसिंगांचं नाक कापलं जाईल.

यंत्र जागच्या जागी आहे. तू गेल्यापासून त्या खोलीतलं काही हललेलं नाही. मी रोज धूळ पुसते, माझ्या जुन्या इरकलीचं कव्हर शिवून घातलं आहे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली तेव्हा त्याच्यावरही झेंडूचं फूल होतं. मी ठेवलं नव्हतं. असो.

काल धीर करून चालू केलं. घरघरलं, आभाळाचं चित्र आलं आणि मधोमध एक पाटी येऊन बसली. क्रांतीनं वाचून दाखवली. नाव सांगा, पासवर्ड सांगा. नाव तुझंच लिहिलेलं होतं. खालची जागा मोकळी. तू गेलास त्या सकाळी पिशवी भरायच्या आधी दार लावून आत बसला होतास, ते काय करत होतास हे मला काल कळलं. कुलूप घालत होतास.

जुलैतली ती रात्र मी उगाळणार नाही. त्यांनी नऊला मेन स्विच पाडला, रोज पाडतात तसा. तू शाळेच्या स्मरणिकेचं टाइप करत होतास, मशीनमध्ये ठेवलेलं नव्हतं, सगळं गेलं. क्लासच्या पोरांसमोर तू त्यांना म्हणालास, म्हाताऱ्या, ही तुझी पलटण न्हाई. ते म्हणाले, माझ्या घरात माझी वेळ. झालं. उगाळणार नाही म्हणता म्हणता मी अर्धं खोड उगाळलं.

सांगली काय लांब आहे? कराडला उतरून चहा घेतला तरी माणूस जेवायच्या वेळेला पोचतो. पण तू विश्रामबागेत जाऊन राहिल्यापासून ती मला आसामच्याही पलीकडं वाटते. तुझे दाजी आसामात होते तेव्हा महिन्याला पत्र तरी यायचं.

लग्नाला येणार का, असं मी विचारत नाही. सख्ख्या मामाला कोणी असं विचारतं? क्रांतीच्या अंगावर पिवळी साडी मामाकडची, आणि तिला हाताला धरून अंतरपाटापर्यंत आणायचं ते मामानं. ते तुला ठाऊक आहे. म्हणून विचारत नाही.

पासवर्ड तेवढा कळव.

तुझी
अक्का


सातारा
२९ डिसेंबर १९९६

सिद्धू,

तुझं उत्तर नाही. पोस्टमनची सायकल गल्लीच्या तोंडाशी आली की मला घंटी ऐकू येते. मी पिठाच्या हातानं दारात जाते आणि तो बिचारा लांबूनच मान हलवतो. आता तर तो आमची गल्ली टाळून मागच्या बोळातनं जातो, असं मला वाटायला लागलंय.

तू सांगत नाहीस म्हणून आम्ही आपल्या मनानं चाव्या लावून बघितल्या. क्रांती टाइप करते, मी सांगते. आधी आईचं नाव घातलं. नाही म्हणालं. म्हसवडच्या सिद्धनाथाचं घातलं, ज्याच्या नवसानं तू झालास. तेही नाही. मग माझ्या डोक्यात आलं, लहानपणी तू ज्या शेळीच्या गळ्यात पडून झोपायचास तिचं नाव चांदी. क्रांती इतकी हसली की तिनं ते दोनदा चुकीचं टाइप केलं. तिसऱ्यांदा बरोबर केलं, तरी नाही. शेवटी क्रांतीनं माझ्याकडं तिरकं बघत तुझ्या क्लासातल्या एका मुलीचं नाव घातलं. ते मी इथं लिहीत नाही. तेही नव्हतं, आणि खरं सांगू, मला तिच्यासाठी वाईट वाटलं.

एक आहे, यंत्र चिडत नाही. चुकलं म्हणून सांगतं आणि पुन्हा जागा मोकळी करून देतं. आपल्या घराण्यात ही रीत नाही.

दुसरी गोष्ट. आपला चुलतभाऊ नानासो परवा मेंढरं विकायला आला होता, तो इकडं उतरला. त्याला कुठनं वास लागला देव जाणे. जेवताना म्हणाला, "आक्का, सिद्धू येत न्हाई म्हणं. मग आमी हाय की. मामा म्हणून हुबा राहतो. फेटा कंच्या रंगाचा आणायचा तेवढं सांगा." उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथं मामाच उतावळा. माणूस वाईट नाही. पण क्रांती तापानं फणफणत होती तेव्हा तिला खांद्यावर टाकून रात्रभर अंगणात फिरणारा तो नव्हता.

मी तुझ्या दाजींकडं बघितलं. वाटलं, म्हणतील, मामा सांगलीत आहे. ते भाकरी मोडत राहिले. मग हुकूम काढल्यासारखं म्हणाले, "पौष सरेपर्यंत थांबू. मग मामा कोण ते ठरवू." क्रांती ताटावरनं उठली ती परसात जाऊन भांडी घासायला लागली. जेवणं व्हायची होती, भांडी कुठली घासत होती कोण जाणे.

पौष लागेल तशी खरेदी थांबेल. बस्ता नाही, दागिन्यांची घडण नाही. लग्नाच्या घरात रिकामपण म्हणजे दातातला खडा. हात कामाला लागले की डोकं गप्प बसतं. माझे हात मोकळे आहेत, म्हणून मी घरभर फिरते. डबे काढते, पुसते, परत ठेवते. तुझ्या खोलीत जाते, कव्हर नीट करते, बाहेर येते.

तुझा राग दाजींवर आहे. मग उत्तर मला का नाही?

बरं, राहू दे. पासवर्ड कळव.

अक्का


सातारा
संक्रांत, १४ जानेवारी १९९७

सिद्धू,

सोबत तिळगूळ आहे. पोस्टात फुटला तर चुरा खा, पण खा. गोड बोल असं मी म्हणत नाही, तू नुसतं बोल.

पासवर्ड अजून आला नाही. आमचं सगळं तिथंच अडून बसलंय.

यंदा संक्रांतीची रांगोळी मी बसल्या बसल्या काढली. बोटं थंडीनं वाकत नाहीत, चिमूट सुटत नाही. पण चिमटीची गरजच पडत नाही. रेघ ओढायची, रंगाचा डबा घ्यायचा आणि मधल्या जागेत ओतायचा. सगळीकडं सारखा पसरतो, नव्या साडीच्या पदरासारखा. फक्त रेघेला कुठं एवढीशी फट राहिली की हळद त्यातनं बाहेर पळते आणि सगळं अंगण पिवळं करून टाकते. पहिल्यांदा झालं तेव्हा मी ओरडले. पण तिथं मागं घेता येतं बघ. एकदा दाबलं की हळद आपली डब्यात परत. एवढं सुख खऱ्या रांगोळीत नाही. कासव काढलं, त्याला निळे पाय दिले.

आणि पत्त्यांचा एक डाव शिकले. एकटीनं खेळायचा. सात ओळी मांडायच्या, काळ्यावर लाल, राजाखाली राणी. सुटला की सगळे पत्ते कारंजासारखे उड्या मारत खाली येतात. दुपार कुठं जाते कळत नाही. कोपऱ्यात घड्याळ असतं म्हणून, नाहीतर संध्याकाळचा दिवासुद्धा राहून जाईल.

हे सगळं कुठनं कळलं असं विचारशील. शेजारच्या साळूबाई सांगत होत्या.

हसू नकोस. म्हशीवाल्या बाईला असलं काही कळू नये असं थोडंच आहे?

साळूबाई असंही सांगत होत्या, की तिथं एक कचऱ्याचा डबा असतो. तुझ्यामाझ्या घरातल्यासारखा नाही. टाकलेलं त्यात पडून राहतं आणि पुन्हा उचलून जागेवर ठेवता येतं. हे ऐकलं आणि मला राहवेना. मी तो डबा उपसला, म्हणजे साळूबाईंनी उपसला. तुझी स्मरणिका त्यात असेल असं मला वाटलं. तेवढी सापडली तर तुझ्याकडं पाठवून दिली असती आणि म्हटलं असतं, घे बाबा, तुझं काही गेलेलं नाही, आता ये. दोन दिवस शोधलं. पोरांनी गिरवलेल्या बदकांची चित्रं निघाली, कुणाचा तरी अर्धा अर्ज निघाला. ती नाही निघाली. क्रांती म्हणाली, "आई, टाकलेलं डब्यात असतं. जे ठेवलंच नव्हतं, ते डब्यात कुठनं येणार?"

मी तिला म्हटलं, तू गप.

तुझे दाजी हल्ली दुपारी झोपत नाहीत. पुढच्या खोलीच्या दारापर्यंत येतात, पडदा हलतो, परत जातात. काय शोधताय विचारलं तर म्हणतात, चष्मा. चष्मा डोळ्यावर असतो.

नानासोनं फेटा घेतलासुद्धा. केशरी. निरोप आला.

तुझी अक्का


सातारा
२ फेब्रुवारी १९९७

सिद्धू,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं ते हातात देताना उगाचच तोंड भरून हसून घेतलं, इतका तोही कंटाळलाय आम्हाला. कार्डावर एकच ओळ. "अक्का, आत कशी गेलीस?" खाली नाव नाही, तारीख नाही, लग्नाबद्दल अक्षर नाही. तरी मी ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि मग वाटलं देवाला काय त्याचं, म्हणून उचलून पदरात बांधलं.

सांगते. पहिल्या जानेवारीलाच गेले. त्या दिवशी सगळी नावं घालून संपली होती. मी वैतागून त्या पाटीला म्हटलं, जा, नको सांगूस, आणि क्रांतीला म्हटलं, घालव ही तोंडासमोरनं. तिथं दोन बटणं आहेत. एक ओके, एक कॅन्सल. क्रांतीनं कॅन्सल दाबलं. पाटी गेली आणि यंत्र उघडलं! सगळं आत जसंच्या तसं. आम्ही दोघी चोरी केल्यासारख्या दाराकडं बघत बसलो.

मग तुला पुन्हा पासवर्ड का मागितला, हे तू विचारू नकोस. दुसरं काय मागायचं होतं मी? ये म्हटलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. पासवर्डाला नाही म्हणायला तरी पत्र लिहावं लागतं.

पण तू एवढा शिकलेला, क्लास चालवणारा. कॅन्सल दाबलं की ते उघडतं हे तुला ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. मग ते कुलूप तू कोणासाठी लावलंस रे?

आता खरं सांगायचं ते सांगते. नीट बसून वाच.

संक्रांतीनंतर एका दुपारी तुझे दाजी पडद्यातनं आत आले. तुझ्या खोलीत जुलैनंतर पहिल्यांदा, माझ्या देखत तरी. क्रांती मला एक खेळ दाखवत होती, त्यात चौकोन उघडायचे असतात आणि खाली कुठं कुठं सुरुंग पुरलेले असतात. पलटणीतलं इंग्रजी त्यांना येतंच, वरचं नाव त्यांनी वाचलं. म्हणाले, ही कसली माइन? क्रांतीनं समजावलं. आकडा आला की तेवढे सुरुंग भोवतालच्या घरांत आहेत, अंदाज करायचा, खात्री असेल तिथं झेंडा लावायचा. ते तिच्या खुर्चीमागं उभे राहिले. तिचा एक सुरुंग फुटला, वरच्या पिवळ्या तोंडाचे डोळे फुल्या फुल्या झाले. त्यांनी तिच्या खांद्यावर टिचकी मारली, ऊठ म्हणाले, आणि बसले.

एकेका चौकोनाला तो माणूस इतका वेळ लावत होता की क्रांती म्हणाली, आबा, दाबा की, खेळच आहे. ते म्हणाले, गप. कपाळावर घाम आला होता. जानेवारीत. शेवटी एक फुटला. उठले, बाहेर जाऊन हातपाय धुतले आणि तिन्हीसांजेपर्यंत अंगणात येरझारा घातल्या. मला वाटलं संपलं. दुसऱ्या दिवशी चहा झाल्या झाल्या पुन्हा खुर्चीवर.

असे बरेच दिवस गेले. मग गेल्या आठवड्यात एकदा मी भाजी निवडत तिथंच बसले होते. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "ज्यानं हे केलंय त्यानं सुरुंग बघितलेला न्हाई."

मी म्हटलं, का?

"पहिल्या पावलाला हे कधीच फुटत न्हाई. रोज बघतोय मी. कुठंबी पाय टाका, पहिलं पाऊल माफ हाय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तसं असतं तर लालासाहेब आज दहिवडीत पेन्शन खात बसला असता."

लालासाहेब हे नाव मी तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ऐकलं, सिद्धू. हळूहळू सगळं निघालं. एकाहत्तरच्या लढाईत हे दोघं सुरुंग काढायच्या कामावर होते. जेवढा पट्टा आपल्या हातानं तपासला तेवढ्यावरच चालायचं. दुसऱ्या तुकडीतल्या कुणीतरी ओरडून सांगितलं, इकडचं साफ आहे, आम्ही बघितलंय. लालासाहेबानं ऐकलं आणि पट्ट्याच्या बाहेर पाय टाकला. पहिलाच. तेव्हापासून तुझ्या दाजींनी ठरवलं, की बंद आहे असं दुसऱ्यानं सांगितलेलं मानायचं नाही. घरातलं सगळं आपल्या हातानं बंद करायचं आणि मग पाठ टेकायची. मेन स्विच तो. मी इतकी वर्षं त्याला पलटणीची शिस्त समजत होते. वीजबिलाची कंजुषीसुद्धा समजत होते.

मी भाजी तशीच धरून बसले. मग म्हटलं, चहा ठेवू का. ते म्हणाले, ठेव.

त्या रात्री नऊ वाजले. ते मेन स्विचकडं गेले, हात वर नेला आणि तिथनंच क्रांतीला हाक मारली, हे नीट बंद कसं करायचं? ती म्हणाली, आबा, आधी स्टार्ट दाबायचं. "बंद करायला स्टार्ट?" म्हणाले, "असा हुकूम देणारा साहेब आमच्याकडं असता तर आमी कवाच मेलो असतो." पण थांबले. यंत्र आवरून घेतं स्वतःला, वेळ लावतं. मग काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं येतात, आता बंद करायला धोका नाही. क्रांती ओरडली, आलं आबा. त्यांनी मान्य केलं नाही. स्वतः खोलीत आले, चष्मा लावून ती ओळ वाचली, परत गेले आणि मग स्विच पाडला.

तेव्हापासून रोज असंच. कोणी यंत्र लावलेलं नसलं तरी खोलीत डोकावून बघतात.

हे मी तुझा राग उतरावा म्हणून लिहीत नाही. तू त्यांना पोरांसमोर बोललास ते बरं नव्हतं, त्यांनी ज्या घरात तू वाढलास त्याला माझं घर म्हटलं तेही बरं नव्हतं. दोन्ही तिथंच आहे. फक्त मला जे ठाऊक नव्हतं ते तुलाही ठाऊक नसणार, म्हणून लिहिलं.

या आठवड्यात पौष संपतो. शनिवारी माघ लागला की नानासो केशरी फेटा घेऊन येणार. मी दाजींना काही विचारलेलं नाही. विचारायला जाते आणि चहा ठेवू का म्हणून परत येते. काल क्रांतीनं विचारलं, मामाचं काय ठरलं. ते म्हणाले, पौष संपू दे. ती म्हणाली, "पौषाचं काय आबा, तो दरसाल संपतो."

कार्डावर आणखी एक ओळ मावली असती, सिद्धू. बरीच जागा कोरी होती.

अक्का


सातारा
९ फेब्रुवारी १९९७, सकाळ

सिद्धू,

घाईत लिहिते. अक्षर लावून घे. हे पत्र पोस्टानं येत नाही. ते ज्यांच्या हातात आहे ते तुझ्यासमोर उभे असतील. त्यांनी वाचलेलं नाही, दुसऱ्याचं पत्र उघडायची त्यांना सवय नाही.

काल पत्रिकांना हळदकुंकू लावलं. पहिली म्हसवडच्या नाथाला. दुसरी मामाची, ती मुलीच्या बापानं स्वतः हातात नेऊन द्यायची. नानासो नवी टोपी घालून पाटाशेजारीच येऊन बसला होता, म्हणजे त्याला उठून जायचे कष्ट नकोत आणि ह्यांना नेऊन द्यायचे. तुझ्या दाजींनी दुसरी पत्रिका उचलली. क्रांतीला म्हणाले, "नाव घाल."

ती म्हणाली, "कुणाचं?"

"तुझ्या मामाचं. किती मामा हायत तुला?"

क्रांतीनं पेनाचं टोपण काढलं. मी खाली बघत अक्षता निवडत होते, तांदळातले खडे दिसेनात. तिनं नाव घातलं आणि पत्रिका त्यांच्यापुढं धरली. त्यांनी चष्मा लावून वाचलं. सिद्धनाथ. मग नानासोचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मग आमी काय करायचं, सुभेदार?" म्हणाला. दाजी म्हणाले, "फेटा बांधा की. फेट्याला कोण न्हाई म्हणतंय?" रात्री दोघं एकाच ताटात जेवले, तेव्हा त्याची काळजी करू नकोस.

सकाळी उठून बघते तो बुटाला पॉलिश चाललेलं. मला म्हणाले, त्याचा पत्ता काय. मी म्हटलं, मी येते बरोबर. म्हणाले, नको. बापानं द्यायची असते.

साताऱ्याच्या स्टँडपर्यंत तरी जाऊ का, असं चारदा मनात आलं. तू घरी असशील ना? रविवार आहे, कुठं बाहेर गेला असशील तर हे जिन्यात बसून राहतील, शेजाऱ्यांना विचारणारसुद्धा नाहीत. दारात आले तर आधी बोलणार नाहीत. पत्रिका पुढं करतील. ती डाव्या हातानं घेऊ नकोस, पाट नसला तर नसू दे, पण उभ्या उभ्या घेऊ नकोस, बसायला दे. माफी मागायला ते आलेले नाहीत. तूही मागू नकोस. तुम्ही दोघं एकदा माफी मागायला बसलात तर लग्नाची तिथी निघून जाईल.

साडीचं मी काही बोलत नाही. सांगलीच्या पेठेत पिवळी मिळते एवढं मला ठाऊक आहे. क्रांतीला जरीचे काठ बारीक आवडतात.

बूट घालून झाले. हाक मारतायत.

एक शेवटचं. पाणी प्यायले की म्हणतील, पत्रिका पोचली, आता निघतो, दुपारच्या गाडीनं परत जायचं हाय. मलाही तेच सांगितलंय. ऐकू नकोस. पिशवी मी भरलेली नाही, त्यांनी स्वतः भरली. मी नारळ ठेवायला ती उघडली, तर तळाशी दाढीचं सामान होतं आणि दोन दिवसांचे कपडे.

तुझी
अक्का